ओरडलं की सोडायचं

सरांनी चष्मा सावरायला हात वर केला आणि मी पडलो.

नुसता पडलो नाही, साग्रसंगीत पडलो. आधी डोकं मागे, मग दोन्ही पाय हवेत, मग पाठ सतरंजीवर धप्प, आणि शेवटी पंजा आपटून मोठ्ठा आवाज. त्या पंजा आपटण्याला आमच्यात फार मान. लागत काही नाही, पण लांबून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेचं पटांगण. समोर खुर्च्यांवर पालक, सोफ्यावर पाहुणे. कराटेचं प्रात्यक्षिक अजून सुरूच व्हायचं होतं. सर माईकवर नमस्कारसुद्धा म्हणाले नव्हते. त्यांचा चष्मा घसरला, त्यांनी हात उचलला आणि मी, पोट सुटलेला, मिशी पिकलेला, सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला असलेला माणूस, उताणा.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सरांनी माईक तोंडाशी घेतला.

"घाबरू नका, त्याला काही झालेलं नाही. आमचा हा माणूस इतका तयार आहे, की नुसता हात उचलला तरी लोळतो. एवढं वळण घरगड्यालासुद्धा नसतं!"

पटांगण हसलं. सोफा हसला. मी उठलो, कराटेचा सूट झटकला, कमरेत वाकलो आणि हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

रांगेत उभी असलेली आमची प्रज्ञा तेवढी हसली नाही. प्रज्ञा माझी मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. नजर सरळ, मुठी कमरेला, शिकवलं तशी उभी होती. फक्त कान लाल झाले होते.

बसमध्ये तिने विचारलं, "पप्पा, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"अगं, चष्म्याचा हात आणि वाराचा हात सारखाच दिसतो. माझी चूक झाली."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हे सर कोण, ते सांगतो. नाव सांगत नाही. नाव सांगून त्यांना मोठं कशाला करू?

आमची वस्ती नाशिकरोडला, रेल्वेलाईनच्या पलीकडे. मधोमध समाजमंदिर. जयंतीला तिथे निळ्या पताका लागतात, एरवी पत्त्यांचे डाव. मी शाळेत असताना सर तिथे बुलेटवरून आले. घरचा द्राक्षांचा मोठा व्यवहार, कॉलेज रोडला स्वतःची इमारत, इमारतीत वरच्या मजल्यावर कराटेचा हॉल. म्हणाले, इथल्या पोरांना मी मोफत शिकवणार. आयाबायांनी त्यांना ओवाळलं. माझी आई पुढे होती.

पहिल्याच दिवशी माझी मूठ चुकली. अंगठा आत. सरांनी माझी मूठ स्वतःच्या हातात घेतली, एकेक बोट उलगडलं, परत मिटलं, अंगठा बाहेरून दाबून बसवला. तोवर तसल्या घरातल्या कुणी माझ्या हाताला हात लावला नव्हता. शाळेतल्या एक बाई आमची वही हातातून घेत नसत, टेबलावर ठेव म्हणत. मी घरी पळत आलो.

"आई, सरांनी माझा हात धरला."

"मग आता तू सोडू नको," आई म्हणाली.

नाही सोडला. शाळा सुटली, नोकरी लागली, लग्न झालं, काळा पट्टा मिळाला. सरांचा व्याप वाढला तशी समाजमंदिरातली बॅच मी घ्यायला लागलो. सरांच्या नावाने, सरांच्या फोटोखाली. कंपनीतून आलो की चहा, चहा झाला की पोरं. आणि सरांचं कुठे प्रात्यक्षिक असलं की मार खायला मी. शाळा, कॉलेज, देवळाली कॅम्पातला कुठला कार्यक्रम, गणपती मंडळ, सगळीकडे जाऊन पडून आलो. माझ्याइतकं सुंदर नाशिकमध्ये कुणी पडत नव्हतं, हे मी आजही सांगेन. सरांनी नुसती कोपराला टिचकी मारली तरी मी असा उडायचो, की बायका 'अगं बाई' म्हणायच्या.

कॉलेज रोडच्या हॉलमधली पोरं मात्र कधी प्रात्यक्षिकाला नसत. एकदा मी विचारलं. सर म्हणाले, "त्यांच्या परीक्षा असतात रे." आमच्या पोरांनाही परीक्षा असायच्या. पण ते सुचलं नाही मला त्या वेळी.

आता आमचा नियम सांगतो. त्याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

कराटेत वार करताना पोटातून ओरडतात. त्याला किआई म्हणतात. वस्तीत त्याचं 'किया' झालं. नवं पोरगं हमखास विचारायचं, "सर, क्या किया?" आणि मागची पोरं लोळायची. तर जोडीच्या सरावात एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं. दुसऱ्याने पाय मागे घ्यायचा, हात पिळायचा आणि 'किया' करून ओरडायचं. ओरडलं की सोडायचं. धरणाऱ्याने मुकाट सोडायचं. तसंच बुक्कीचं. बुक्की समोरच्याच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबली पाहिजे. लागली तर मारणाऱ्याला उठाबशा. सर म्हणायचे, "कंट्रोल! जनावर आणि कराटेवाला यांच्यात एवढाच फरक."

मी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. एखादं दांडगं पोरगं ओरडल्यावरही हात सोडत नसलं, तर मी त्याला कोपऱ्यात उभं करायचो.

माझी बायको मंगल घरी शिलाई करते. शाळांचे गणवेश. बॅचचे पांढरे सूटही तिनेच मांजरपाटाचे शिवलेले. एका धुण्यात आटून पोटऱ्या दिसायला लागतात, पण लांबून पांढरे दिसतात. एकदा ती मापं घ्यायला समाजमंदिरात आली आणि थोडा वेळ बघत थांबली.

"अहो, आणि त्याने नाहीच सोडलं तर?"

"कुणी?"

"धरणाऱ्याने."

"असं कसं? नियम आहे तसा."

"नियम त्याला कुणी सांगितलाय?"

"तुला त्यातलं काय कळतं," मी म्हणालो. माझ्या कमरेला काळा पट्टा, तिच्या गळ्यात मापाची टेप. कुणाला जास्त कळणार, ते उघडच होतं.

त्या शाळेतल्या प्रात्यक्षिकाला फार दिवस झाले नसतील. प्रज्ञा कॉलेजातून परत येत होती. शालिमारच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी. भर दुपार, माणसांची गर्दी. एका माणसाने मागून येऊन तिचं मनगट धरलं आणि 'चल' म्हणाला. ओळख ना पाळख. नुसतं 'चल', घरचं माणूस असल्यासारखं. म्हणजे लोकांना वाटावं, यांचं आपापसातलं आहे.

प्रज्ञाने पाय मागे घेतला. हात पिळला. पोटातून ओरडली.

त्याने सोडलं नाही.

ती परत ओरडली. तो हसला. म्हणाला, "अजून ओरड."

मग तिने दुसऱ्या हाताने बुक्की मारली. सरळ, खांद्यातून, मी शिकवली तशी. आणि ती बुक्की त्याच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबली.

शेजारी पेरू घेऊन बसलेली एक मावशी उठली. तिने तराजूचं पारडं त्याच्या कानफटात हाणलं, तेव्हा कुठे त्याने मनगट सोडलं आणि पळाला. मावशी त्याच्यामागे शिव्या घालत राहिली. बाकी स्टॉप बघत होता.

प्रज्ञा घरी आली. मनगट सुजून निळं पडलं होतं. मंगलने विचारायच्या आत तिने सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मी कामावरून आल्यावर मला परत सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "पप्पा, बुक्की मस्त थांबली. हात आपोआप थांबला. तुम्ही असता तर शाबास म्हणाला असता."

मी तिथेच स्टुलावर बसलो. बसताना स्टूल नीट बघितलं नाही, त्यावर ठेवलेली मंगलची कात्री लागली. एरवी या गोष्टीवर घर हसलं असतं.

चौकीत जाऊन आलो. माणूस कोण ते आम्हालाच माहीत नव्हतं, त्यांनाही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीतून हाफ डे घेऊन मी प्रज्ञाला कॉलेज रोडला घेऊन गेलो. भांडायला नाही हां. त्या वेळी माझ्या डोक्यात भांडण नव्हतंच. मला वाटत होतं, माझं शिकवण्यात काहीतरी चुकलं. मनगट पिळायचा कोन, पायाचं अंतर, काहीतरी. सर बघतील, बोटं धरून नीट करतील.

वर हॉलमध्ये मी इतक्या वर्षांत फार वेळा गेलो नव्हतो. गेलो तेव्हा रिकामा असताना, बॅनर आणायला नाहीतर सतरंज्या न्यायला. क्लास चालू असताना पहिल्यांदाच. काचेचा दरवाजा. आत जाड मॅट, छताला टांगलेल्या मोठ्या पिशव्या. आम्ही चपला हातात घेऊन दरवाज्यात उभे राहिलो.

मॅटवर प्रज्ञाच्याच वयाची एक मुलगी होती. डोक्याला गादीची टोपी, दातांत रबर. एका आडव्या अंगाच्या पोराने तिचं मनगट धरलं होतं. ती ओरडली. पोराने सोडलं.

आणि सर कडाडले, "सोडतोस काय रे! ती ओरडली म्हणून सोडतोस? बाहेर कोण सोडणारे तिला? धर परत!"

त्याने परत धरलं. ती ओरडली. त्याने सोडलं नाही. मग तिने त्याच्या अंगात शिरून जे काय केलं, ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. नुसता फटका ऐकू आला. पोरगा मागे गेला, छाती चोळत हसला.

"हां! असं!" सर म्हणाले. "आरपार मारायचं. लाज नाही वाटली पाहिजे."

प्रज्ञाने माझी बाही ओढली. "पप्पा, हे काय?"

मी मॅटकडेच बघत होतो. मी आयुष्यभर ज्याला कराटे म्हणत होतो, ते हे नव्हतं.

सरांनी आम्हाला पाहिलं. "अरे! ये, ये. बरं झालं आलास. पुढच्या रविवारी एक डेमो आहे."

मी त्यांना सांगितलं. स्टॉप, मनगट, ओरडणं, बुक्की. त्यांनी प्रज्ञाचं मनगट लांबूनच बघितलं.

"बर्फ लाव. उतरेल सूज."

"सर," मी म्हणालो, "इथे सोडत नाहीत."

"काय?"

"ओरडल्यावर. इथे सोडत नाहीत. आणि बुक्की थांबवत नाहीत."

सर हसले. खांद्यावर हात ठेवला. मला बाजूला नेलं, पण आवाज काही कमी केला नाही.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. या मुली घरातून गाडीत, गाडीतून क्लासात. यांच्यात जोर आणावा लागतो. तुमच्याकडे तो जन्मतःच असतो. हात उचलायची सवयच असते तुमच्या भागात. तुमच्या पोरांना मी खरं हाणायला शिकवलं असतं, तर आज निम्मी आत असती आणि पोलीस माझ्या दारात. तुम्हाला शिस्त हवी होती. वाकणं, थांबणं, सोडणं. ती मी दिली. फुकट दिली. आणि बघ की, तू किती सुधारलास."

तू किती सुधारलास.

प्रज्ञा मागेच उभी होती. "सर, मग मला काय शिकवलं तुम्ही?"

"तू छान पडतेस बेटा. अगदी वडिलांवर गेलीस. रविवारी तूही ये डेमोला."

आता हॉलमधली पोरं बघायला लागली होती. सरांना ते जाणवलं असावं. त्यांनी टाळी वाजवली. "चला, हे आपले जुने विद्यार्थी आलेत. यांच्याबरोबर एकदा बेसिक दाखवतो." आणि त्यांनी माझ्यापुढे मनगट केलं. "चल, धर."

मी धरलं. सवयच तशी. सर म्हणाले धर, की धरलं. सर म्हणाले पड, की पडलो.

सरांनी पाय मागे घेतला, हात पिळला, पोटातून ओरडले. आवाज अजून खणखणीत होता.

मी सोडलं नाही.

ठरवून नाही केलं. बोटं उघडलीच नाहीत. दिवसभर पट्ट्या ओढून खोकी बांधणारा माणूस मी, पंजा काही वाईट नाही. पण एवढी वर्षं त्या पंजाने फक्त सोडलं होतं. सर परत ओरडले. हात पिळला, या बाजूला, त्या बाजूला. माझ्या लक्षात आलं, त्यांना येत नाहीये. शिकवतात सगळं, पण माझ्यापुढे त्यांना कधी करावंच लागलं नव्हतं. मी होतो ना पडायला.

त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. हळू आवाजात म्हणाले, "सोड."

मी धरून होतो.

"अरे सोड. नियम विसरलास का?"

"सर, बाहेर कोण सोडणारे?"

त्यांनी मान वळवून त्या आडव्या पोराकडे बघितलं. नुसतं बघितलं. पोरगा पुढे आला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी त्यात होतो. बरगडीत काहीतरी घुसलं, मग खालून पाय कुणीतरी काढून घेतले, आणि मी पडलो.

खरा पडलो. पहिल्यांदा. पाय हवेत गेले नाहीत, पंजा आपटायला सुचलं नाही. पोतं पडावं तसा एका कुशीवर. श्वास आत जाईना. छताला टांगलेल्या पिशव्या गोल फिरत होत्या. आणि गंमत सांगू? त्या अवस्थेत मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की अरे, कराटे खरं असतं! चालतं हे! मला वाटायला लागलं होतं, सगळंच खोटं आहे. तसं नव्हतं. खरं त्यांच्याकडे होतं. खोटं आम्हाला दिलं होतं. मोफत.

श्वास आल्यावर मी त्या पोराला म्हणालो, "परत दाखव."

तो भला होता. खाली वाकत म्हणाला, "काका, लागलं का?"

"लागलं. परत कर. सावकाश."

"बास," सर म्हणाले. मनगट चोळत होते. "याला खाली सोडून या कुणीतरी. आणि तू... तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती रे."

"माझीही नव्हती, सर," मी म्हणालो. ते मात्र मनापासून म्हणालो.

रिक्षात दर खड्ड्याला बरगडी आठवण करून देत होती. द्वारका चौक आला. मग प्रज्ञा म्हणाली, "आधी कोपर मारलं त्याने. तुमचं वजन मागे गेलं तेव्हा पाय काढला. मी पायाकडेच बघत होते."

"माझ्याकडे नाही बघितलंस?"

"तुम्हाला पडताना खूप वेळा बघितलंय पप्पा."

घरी मंगलने मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि बरगडी शेकायला बसली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल, नाहीतर 'मी म्हणाले नव्हते का' तरी म्हणेल. तिने पुरचुंडी एकाच जागी दाबून धरली होती. शेवटी मीच म्हणालो, "भाजतंय."

तिने हात काढला.

"तुम्ही मुद्दाम पडता, हे मला पहिल्यापासून दिसत होतं," ती म्हणाली. "कुणालाही दिसेल. मला वाटायचं, तुम्हालाही माहीत असेल. भाकरीसाठी माणूस साहेबापुढे करतो तसं काहीतरी. तुम्ही ते खरं समजत होतात?"

सर जे बोलले त्याहून हे जास्त लागलं. सरांनी मला फसवलं, हे मी चारचौघांत सांगू शकतो. पण फसताना मी किती खूश होतो, हे तिने बघितलं होतं.

दोनच दिवसांत सरांचा ग्रुपवर मेसेज आला. 'यापुढे नाशिकरोडच्या बॅचचा आमच्या संस्थेशी संबंध नाही. तेथील बेल्ट ग्राह्य धरले जाणार नाहीत.' लगेच खाली कुणाकुणाचे जोडलेले हात. मी सरांचा फोटो उतरवला, वर्तमानपत्रात बांधला आणि कुरिअरने पाठवून दिला. कुरिअरवाल्याने विचारलं, "नाजूक वस्तू आहे का?" मी म्हटलं, "आतून फार."

समाजमंदिरात पोरांना सांगितलं, जुना नियम संपला. सर्टिफिकेट मिळणार नाही. पट्ट्याला किंमत राहिलेली नाही, पायजमा वर ठेवायला वापरा. अर्ध्याहून जास्त पोरं गेली. एकाचे वडील येऊन म्हणाले, "भाऊ, सर्टिफिकेट नाय तर पोरगं मारायला कशाला शिकंल? घरी मारतंच की ते लय."

उरल्या त्या बहुतेक पोरी. शालिमारची गोष्ट वस्तीभर झाली होती. त्यांच्या आयांनी त्यांना ठेवलं.

एका पोत्यात भुसा भरून ते टांगलं. पोरींना म्हटलं, मारा. थांबायचं नाही. प्रज्ञा पहिली पुढे झाली. खांद्यातून सरळ, जोरात. आणि मूठ पोत्याच्या बोटभर अलीकडे थांबली. परत मारली. परत थांबली. पोतं जागचं हललं नाही. लहानपणापासून मी तिच्यात घातलं होतं ते थांबणं. प्रज्ञा पोत्यापुढे उभी राहून रडली. स्टॉपवर नव्हती रडली. मी समजवायला गेलो तर म्हणाली, "लांब व्हा."

कित्येक संध्याकाळी त्यातच गेल्या. आधी पोत्याला नुसता हात लावायचा. मग ढकलायचं. मग दणका. पोतं हलायला लागलं. पण मनगट सोडवण्याचं अडलं. तिला कुणीतरी खरं धरायला हवं होतं, आणि मी धरलं की ती ओरडायची आणि माझी बोटं उघडायची. शपथेवर सांगतो, मनात 'सोडायचं नाही' म्हणत असायचो आणि हात सोडून मोकळा. सरांना धरू शकलो, पोरीला धरता येईना. बाकीच्या पोरी तर धरायच्या आधीच हसायच्या.

या काळात माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली, ती लिहून ठेवतो. सरांनी माझा हात धरला होता, हे खरं. आज त्याचे आभार मानायची माझी तयारी नाही. त्यांनी माझ्या मुठीतला अंगठा बरोबर बसवला आणि ती मूठ कुठपर्यंत जाऊ द्यायची हेही स्वतःच ठरवलं. बोटभर अलीकडे. मी ती हद्द माझ्या पोरीपर्यंत नेऊन पोचवली, आणि वर अभिमान बाळगला. आता माझ्या समाजमंदिरात कुणी कुणाच्या फोटोला वाकणार नाही. पाहुण्यांपुढे खेळ होणार नाही. सरांनी उद्या माणूस पाठवला, माफी मागितली, पट्टे परत दिले, तरी नाही. एखादी गोष्ट चालते की नाही ते आम्ही एकाच प्रकारे बघणार. धरणाऱ्याने मनापासून धरायचं. सुटलं तर ते कराटे. नाही सुटलं तर ते फेकून द्यायचं, कुणीही शिकवलेलं असो. मी शिकवलेलं असलं तरी.

हे मी एका संध्याकाळी पोरींना सांगत होतो. जरा भाषणच झालं. मंगल दारात उभी होती, शिलाईचं गाठोडं खांद्याला. गाठोडं तिने खाली ठेवलं, पदर खोचला आणि आत आली.

"व्हा बाजूला," मला म्हणाली. प्रज्ञापुढे उभी राहिली आणि तिचं मनगट धरलं. तेच, सुजलेलं होतं ते.

प्रज्ञा ओरडली. मंगल हलली नाही.

"आई, दुखतंय."

"दुखू दे."

"सोड ना."

"तो सोडत होता?"

मी पुढे व्हायला लागलो. मंगलने माझ्याकडे असं बघितलं, की मी होतो तिथे थांबलो. प्रज्ञाने हात पिळला, पाय मागे घेतला, ओरडली. मंगल तिला दाराकडे ओढायला लागली. खरंच ओढत होती. प्रज्ञाच्या पायाखाली सतरंजी गोळा झाली. पोरींचं हसणं बंद झालं. मला वाटतं त्या घडीला प्रज्ञाला समोर आई दिसत नव्हती.

तिचं कोपर मंगलच्या तोंडावर बसलं. आरपार. बोटभरसुद्धा अलीकडे नाही. मंगल मागे भिंतीवर गेली, मनगट सुटलं.

प्रज्ञाने दोन्ही हात तोंडावर घेतले. "आई गं!"

मंगलचा ओठ फुटला होता. तिने पदराने रक्त पुसलं, पदराकडे एकदा बघितलं, परत खोचला, आणि रांगेतल्या पोरींकडे वळली.

"ही सुटली," ती म्हणाली. "आता पुढची कोण? ये, हात दे."